दुसऱ्याच्या नावाचं टपाल

अकरा दिवसांत एकही निरोप गेला नव्हता, आणि पेशंट मात्र नेहमीपेक्षा जास्त येत होते. आता या भानगडीला काय म्हणायचं, सांगा.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास इळंगोसर कॉफीचा टंबलर हातात धरून टेबलांच्या मधोमध येऊन उभे राहिले, तेव्हाच तेन्मोळीला कळलं की काहीतरी बिनसलंय. सर एरवी कॉफी गरम असताना जागचे हलत नसत.

"निरोप पोचवणाऱ्या कंपनीतल्या बाईंचा फोन होता," ते म्हणाले. "विचारत होत्या, काय सर, दुसरीकडे गेलात का? अकरा दिवस झाले, तुमच्याकडून एक निरोप आला नाही."

पीळमेडूला ग्राइंडरच्या दुकानाच्या माडीवर इळंगोसरांची ही सहा माणसांची कंपनी. डोळ्यांच्या एका मोठ्या हॉस्पिटलचा प्रोग्रॅम सांभाळणं हे तिचं पोटापाण्याचं काम. हॉस्पिटलची माणसं खेडोपाडी शिबिरं भरवून मोतीबिंदूचे पेशंट शोधायची, त्यांना ऑपरेशनची तारीख द्यायची, आणि दोन दिवस आधी प्रोग्रॅम प्रत्येकाच्या फोनवर निरोप धाडायचा: अमुक वारी या, सकाळी उपाशी या, सोबत घरचं माणूस आणा. या फेरीची ऑपरेशनं शनिवारी संपणार होती. मग डॉक्टरांची तुकडी तेनीकडे जाणार, ती परत येईतो तीन महिने. ज्याला निरोप मिळाला नाही त्यानं तीन महिने अंधुक डोळ्यांनी भिंत चाचपत फिरायचं.

"असं कसं होईल?" आरोक्यराज म्हणाला. त्यानं संगणकावरच्या नोंदी उघडल्या. एकाखाली एक चारशे बारा ओळी, आणि प्रत्येक ओळीत 'निरोप पाठवला'. "हे बघा. पाठवलेत."

"पाठवलेत, तर गेले कुठे? मरुदमलैच्या डोंगरावर?" सर म्हणाले.

आरोक्यराजनं नोंदी पुन्हा वरखाली केल्या. बारा दिवसांपूर्वी अख्खा प्रोग्रॅम जावा भाषेतल्या फ्रेमवर्कच्या, म्हणजे तयार सांगाड्याच्या, नव्या आवृत्तीवर नेण्याचं काम त्यानंच केलं होतं, आणि बारातून अकरा वजा करायला कुणाला गणिताचा मास्तर लागत नाही. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. माणूस चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, कामाला चोख. पण नजरा वळल्या की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. त्यानं खणातली शेंगदाण्यांची पुडी काढली आणि न खाताच पुन्हा आत ठेवली.

"सर, लगेच त्याच्या गळ्यात घालू नका," तेन्मोळी म्हणाली. "आधी बघू तर द्या." आणि खुर्ची ओढून ती त्याच्याशेजारी बसली.

त्या फ्रेमवर्कची एक रीत आहे. तिथं कुठल्याही भागानं आपल्याला लागणारी वस्तू स्वतः उठून आणायची नसते. पंगतीत मीठ आणायला कुणी उठतं का? पान मांडून बसायचं, वाढप्यानं वाढायचं. तसा तारखा देणारा भाग नुसतं म्हणतो, 'मला एक निरोप्या हवा', आणि फ्रेमवर्क त्याच्या हातात निरोप्या आणून देतं. या प्रकाराला त्या धंद्यात डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात. हॉस्पिटलच्या पुष्पलीला सिस्टरनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "आमची इंजेक्शनं बरी बाई, निदान टोचलेलं कळतं."

सिस्टर गमतीनं बोलल्या, पण खरं बोलल्या होत्या. निरोप्या मिळालाच नाही तर फ्रेमवर्क सुरुवातीलाच आकांत मांडतं, पानभर लाल अक्षरं ओकतं, आणि पुढे पाऊल टाकत नाही. तो रोग बरा. बोंब मारणाऱ्या पोराचं कुठं दुखतं ते तरी समजतं. इथं तर सगळं हिरवंगार होतं. दोघांनी तासभर एकेक टाका उसवून पाहिला. खरा निरोप्या जागेवर होता, दर वेळी नीट उभा राहत होता.

"मग मीच वेडा," आरोक्यराज म्हणाला.

"तू नाहीस. हॉस्पिटलला फोन लावते. किती पेशंट आले नाहीत ते कळेल."

पुष्पलीला सिस्टरनी फोन उचलला तो मागच्या गलबल्यासकट. "निरोप गेले नाहीत? काहीतरीच काय! इथं व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नाही. एरवी दहातले चार घाबरून घरीच बसतात. या फेरीत ज्यांच्या तारखा झाल्या त्यांतले नऊ आले नाहीत. नऊ! त्यांतली एक आजी आहे, तिचा एक डोळा आधीच गेलाय, तिचा तेवढा जीवाला घोर लागलाय. बाकी तुम्ही त्या निरोपात काय बदललंत ते तसंच ठेवा गं."

"आम्ही काहीच बदललं नाही, सिस्टर."

"मग देवानं बदललं."

इळंगोसरांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे मुरुगन स्वतःच निरोप पोचवतोय! छान. त्याला पगारावर घेऊ या."

तेन्मोळीला मात्र हसू आलं नाही. ती म्हणाली, "सिस्टर, जवळ कुणी पेशंट असेल तर जरा फोन द्या. त्यांना तारीख कुणी कळवली ते विचारायचंय."

थोडी खुडबुड झाली आणि एका म्हातारीचा आवाज आला, फोन तोंडापासून हातभर लांब धरलेला. "कोण कळवणार? त्या बाबांनी. फोन आला त्यांचा. म्हणाले, तुमच्या नावाचं टपाल आलंय, वाचून दाखवू का? मी म्हटलं दाखवा, मला कुठं वाचता येतंय. त्यांनी वाचलं. मग म्हणाले, परत एकदा वाचू का? दोनदा वाचलं बघ. मी म्हटलं, मला भीती वाटते. तर म्हणाले, भिऊ नका अम्मा, मी दोन्ही डोळ्यांचं करून घेतलंय, मुंगी चावल्याएवढंही कळत नाही. आता बायकोचा फोटो लख्ख दिसतो, म्हणाले. फार चांगला माणूस. तुमच्याच हॉस्पिटलचा ना?"

तेन्मोळीनं आभार मानून फोन ठेवला.

'तुमच्या नावाचं टपाल आलंय, वाचून दाखवू का?' हे वाक्य तिनं लहानपणी शेकडो वेळा ऐकलं होतं, सायकलच्या पुढच्या दांडीवर बसून. तिचे वडील मरुदाचलम उडुमलैजवळच्या सात गावांचे पोस्टमन. एकतीस वर्षं त्यांनी टपाल वाटलं. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्या ओट्यावर टेकायचं, पत्र वाचून दाखवायचं, 'परत एकदा वाचू का?' म्हणून विचारायचं, आणि समोरचा रडला तर तो थांबेस्तोवर बसून राहायचं. सात गावांतली लग्नं, बाळंतपणं, मरणं त्यांच्या तोंडून लोकांना कळली. स्वतःच्या नावाचं पत्र मात्र त्या एकतीस वर्षांत त्यांना एकही आलं नाही. त्यांना कोण लिहिणार? सगळं गोत दोन कोसांत.

सहा वर्षांपूर्वी त्यांची नोकरी संपली आणि त्याच वर्षी तेन्मोळीची आई, वळ्ळियम्माळ, गेली. सकाळी नऊ वाजले की त्या रिकाम्या घरात मरुदाचलम कपडे चढवून, केस विंचरून ओसरीवर बसायचे. जायचं कुठेच नसायचं. त्याच दिवसांत तेन्मोळी हॉस्पिटलचा हा प्रोग्रॅम लिहीत होती.

तिनं प्रोग्रॅमच्या नोंदीत एक ओळ घातली: 'तुला कोणता निरोप्या मिळालाय, त्याचं नाव सांग.' पुढच्या निरोपाच्या वेळी नाव आलं. आरोक्यराज वाकून बघायला लागला. "हा कोण? मी तर हा पाहिलाही नव्हता."

"माझा आहे," तेन्मोळी म्हणाली. "चाचणीचा निरोप्या. मी लिहिलेला."

प्रोग्रॅम तयार होत असताना उगाच खऱ्या पेशंटांना निरोप जायला नकोत, म्हणून तिनं हा दुसरा निरोप्या बनवला होता. तो येईल तो निरोप एकाच फोनवर पाठवायचा, आणि मूळ ज्याला जायचा त्याचा नंबर पुढे लिहायचा. दुसऱ्या एका लहानशा कंपनीचं चाचणीपुरतं घेतलेलं खातं वापरायचा, ते खातं आता कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. आणि तो एकच फोन होता अप्पांचा, तिच्या वडिलांचा. दुसरा कुणाचा घालणार? निरोप मिळाला की अप्पा लगेच फोन करायचे, लाडाच्या नावानं हाक मारून, 'कण्णू, पोचलं!' म्हणजे काम झालं की नाही ते तिला कळायचं, आणि अप्पा जेवले की नाही तेही. चाचणीच्या पेशंटचं नाव ती नेहमी वळ्ळियम्माळ घालायची. ते नाव दिवसातून दोनदा फोनवर आलं की अप्पांना बरं वाटायचं, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही आणि तिनं कधी विचारलं नाही.

मग चाचण्या आपोआप चालायला लागल्या. एका सकाळी एका दमात तीस निरोप गेले आणि अप्पांनी तीसदा फोन केला. ती हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांसमोर बसली होती. बाहेर येऊन ती खेकसली, "अप्पा, प्रत्येक निरोपाला फोन काय करता? मला कामधंदा आहे की नाही?"

"चुकलं, कण्णू," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी फोन केला नाही. तिनंही चाचण्यांमधून निरोप पाठवणंच बंद केलं. या गोष्टीला आठ महिने झाले. दर रविवारी तीच फोन लावायची. जेवलात का? जेवलो. बरं आहे ना? बरं आहे. परवाच्या रविवारी त्यांचा आवाज बसल्यासारखा वाटला होता. विचारलं तर म्हणाले, "हल्ली जरा बोलणं जास्त होतंय." कुणाशी, हे विचारायला तिला सवड नव्हती. तिच्या दुसऱ्या हातात इस्त्रीचे कपडे होते.

"पण हा चाचणीतला माणूस खऱ्या कामावर आला कसा?" इळंगोसरांनी विचारलं.

चूक दोघांत वाटून घ्यावी अशीच होती. प्रोग्रॅम खऱ्या कामावर आहे की चाचणीवर, हे एका ओळीत लिहिलेलं असे. फ्रेमवर्कच्या नव्या आवृत्तीत ती ओळ लिहिण्याची पद्धत बदलली. आरोक्यराजनं बाकी सगळं बदललं, ती एक ओळ राहिली. जुन्या पद्धतीची ओळ नव्या फ्रेमवर्कनं वाचलीच नाही. आणि काहीच सांगितलेलं नसेल तर चाचणी समजावी, असं सहा वर्षांपूर्वी तेन्मोळीनंच ठरवून ठेवलं होतं, सावधगिरी म्हणून. चाचणी सुरू असली की तिचा निरोप्या उभा राहायचा, आणि त्याच्यावर तिनं 'मुख्य' असा शिक्का मारलेला. पंगतीत एकाच पदार्थाचे दोन वाढपी आले; फ्रेमवर्कनं शिक्केवाल्याला पुढे केलं. नोंदीतलं 'निरोप पाठवला' हे वाक्यही तिनं खऱ्यावरून जसंच्या तसं उचललेलं, त्यामुळे दोघांत फरक दिसणार कसा?

"म्हणजे अर्धी चूक माझी," आरोक्यराज हळूच म्हणाला.

"अर्धीच," तेन्मोळी म्हणाली. "शेंगदाणे खा आता."

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. पण त्याआधी एक फोन करायचा होता, आणि त्याचीच तिला धास्ती वाटत होती. बाहेर जिन्यात ग्राइंडरवाल्यांची खोकी रचलेली होती. त्यातल्या एकावर ती बसली.

"अप्पा."

"कण्णू! मंगळवारी फोन? सगळं बरं आहे ना?" आवाज आणखी घोगरा झाला होता.

"बरं आहे. अप्पा, तुम्ही लोकांना फोन करून निरोप वाचून दाखवताय?"

"दाखवतोय की. काल एकोणचाळीस झाले. आज सकाळपासून चोवीस." मग थोडं थांबून, "का गं? काही चुकलं का माझं?"

"मला सांगितलं का नाही?"

"सांगू कसा? प्रत्येक निरोपाला फोन करू नका, असं तूच बजावलंस. आणि सांगायचं तरी काय? पाठवलेस तूच." त्यांच्या आवाजात हसू होतं. "आठ महिने फोन नुसता पडून होता. मग एक दिवस सकाळी सातला सुरू झाला. पूर्वी आईचं नाव यायचं. या वेळी वेगवेगळी नावं, वेगवेगळी गावं, प्रत्येकाच्या पुढे नंबर. त्यातला धळी गावचा रंगय्या तर मला ठाऊक होता, त्याच्या लग्नाची पत्रिका मी वाटलेली. तेव्हा लक्षात आलं, ही खरी माणसं आहेत. दुसऱ्याच्या नावाचं टपाल आपल्या हातात आलं तर ते पोचवायचं, एवढं तर मला कळतं. मी म्हटलं, पोरीनं काम लावून दिलं. म्हातारा नुसता बसून असतो, घर खायला उठतं त्याला, हे तिच्या ध्यानात आलं. बोलली नाही, पण आलं ध्यानात. फार बरं वाटलं, कण्णू. शेजारच्या पळनियप्पनला सांगूनसुद्धा आलो, माझ्या मुलीनं मला परत नोकरीला लावलं."

हो म्हणावं, हो अप्पा, मीच लावलं काम, असं तेन्मोळीच्या जिभेच्या टोकावर आलं. एक शब्द होता. त्या एका शब्दानं म्हातारा आयुष्यभर सुखात राहिला असता. पण दुपारी निरोप येणं थांबल्यावर ते काय समजले असते? मुलीनं काम दिलं आणि मुलीनंच काढून घेतलं, असंच ना? आणि त्याहून वाईट म्हणजे, ज्या गोष्टीचं श्रेय ते तिला देत होते ती तिच्या मनातही आलेली नव्हती. आठ महिन्यांत एकदाही नाही. याची तिला इतकी लाज वाटली की तोंडून शब्द फुटेना.

एकतीस वर्षं लोकांच्या ओट्यावर बसून अप्पांनी माणसांचं गप्प होणं ऐकलं होतं. पाकीट फोडायच्या आधीच आत काय आहे ते त्यांना कळायचं.

"पत्ता चुकला होता का?" त्यांनी विचारलं.

"हो, अप्पा." ती रडायला लागली. "चुकून आले तुमच्याकडे. माझ्याच हातची चूक. मी काम लावून दिलं नव्हतं. मला तुमची आठवण... मी काहीच केलं नव्हतं, अप्पा."

ती थांबेपर्यंत ते थांबले. जुनी सवय.

"असू दे," मग ते म्हणाले. "चुकून आलं म्हणून ते टपाल नव्हतं असं थोडंच आहे? पोचलं ना लोकांना? डोळे पुस आणि कागद घे. नऊ जणांचं राहिलंय. वहीत लिहून ठेवलेत."

टपालखात्याच्या शिरस्त्याप्रमाणे त्यांनी वहीत रकाने आखले होते: नाव, गाव, नंबर, पोचलं की नाही, शेरा. पोचलेले सोडून त्यांनी एकेक नाव सावकाश सांगितलं. फोन बंद. फोन बंद. नंबर दुसऱ्याच कुणाचा, शिवी दिली. पत्ता सोडून तिरुप्पूरला गेले. आणि मग, "ही मारात्ताळ, तिचा फोन नातवानं नेलाय केरळात. त्या गावच्या पोस्टमनला मी काल गाठलं. तो म्हणाला, आजी आहे, घरातच असते, एका डोळ्यानं दिसतच नाही तिला. गाडी पाठवली तर तो स्वतः दाखवेल घर. आज फोन करणारच होतो हॉस्पिटलला, पण नंबर नव्हता माझ्याकडे. तुला विचारावं तर..."

"लिहिलं," ती घाईनं म्हणाली. ते वाक्य तिला पुरं होऊ द्यायचं नव्हतं.

"आता येणार नाहीत ना निरोप?"

"नाही, अप्पा. दुपारपर्यंत बंद होतील."

"बरं झालं. यंत्र नीट चालायलाच हवं. माझाही घसा बसलाय आता." आणि फोन ठेवताना नेहमीचं, "जेवून घे वेळेवर."

तेन्मोळी वर आली. इळंगोसरांनी हॉस्पिटलला फोन लावून काही न लपवता सगळं सांगितलं. पेशंटांची नावं परक्या माणसाच्या फोनवर गेली, ही लहान गोष्ट नव्हती, आणि सरांनी ती लहान करून सांगितली नाही. सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं, कुणाकुणाला कळवावं लागेल ते सांगितलं, नऊ नावं लिहून घेतली, मारात्ताळसाठी शिबिराची गाडी काढली, आणि शेवटी विचारलं, "म्हणजे ते बाबा आता फोन करणार नाहीत?" सर म्हणाले, "नाही." सिस्टर म्हणाल्या, "अरेरे." नऊपैकी आठ माणसं पुढच्या दोन दिवसांत सापडली, मारात्ताळ सगळ्यांत आधी. तिरुप्पूरचं घर मात्र शेवटपर्यंत सापडलं नाही.

दुरुस्ती तेन्मोळीनं स्वतः केली. ती ओळ नव्या पद्धतीनं लिहिली. चाचणीच्या निरोप्यावरचा 'मुख्य' शिक्का काढला. आणि कोणत्या कामावर आहोत हे सांगितलेलं नसेल तर प्रोग्रॅमनं काही गृहीत न धरता सरळ अडून बसावं, असं करून टाकलं. दोन वाजून दहा मिनिटांनी निरोपवाल्या कंपनीतल्या बाईंनी कळवलं, निरोप यायला लागले.

"हा चाचणीचा निरोप्या काढूनच टाकू का?" आरोक्यराजनं विचारलं. "पुन्हा कुणाच्या पायात यायला नको."

"नको," ती म्हणाली. "त्याला फक्त त्याच्या घरात राहू दे. पण तिथं तो चालतोय की नाही हे तपासावं लागेल."

"नंबर बदलून टाक मग. कसला तरी खोटा घाल."

तिनं आपल्या संगणकावर चाचणी सुरू केली. नंबर तोच ठेवला. पेशंटच्या नावाच्या जागी तिची बोटं सवयीनं वळ्ळियम्माळ लिहायला गेली आणि थांबली. तिनं दुसरं नाव लिहिलं. खाली उपाशी येण्याबद्दलचा जो मजकूर आपोआप यायचा तो पुसला, आणि चार ओळी स्वतः लिहिल्या. लिहायला तिला दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागला. मग पाठवलं.

फोन वाजला नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आरोक्यराजनं न विचारता शेंगदाण्यांची पुडी तिच्यासमोर ठेवली. मग फोन वाजला.

"कण्णू, तू कामात असशील, पण एवढं एकच सांगतो," अप्पा घाईघाईनं म्हणाले. "अजून एक आलंय. तू म्हणालीस बंद होतील, म्हणून मी वही मिटून ठेवली होती. आणि याच्यात काहीतरी घोळ आहे. पुढे जो नंबर आहे तो मी दोनदा लावून पाहिला, लागत नाही. मग नीट बघितलं तर तो माझाच नंबर."

"नाव कुणाचं आहे?"

"नावही माझंच घातलंय चुकून. मरुदाचलम, वेप्पंपाळयम."

"चुकून नाही, अप्पा. पत्ता बरोबर आहे. तुमच्या नावाचं टपाल आहे ते. वाचा."

मग चष्म्याच्या घडीचा आवाज आला, आणि घसा खाकरल्याचा. ते ओट्यावर बसून वाचायचे तसे, शब्द सुटासुटा करून, ऐकणाऱ्याला नीट कळावं अशा बेतानं वाचायला लागले.

"मरुदाचलम यांना. शुक्रवारी संध्याकाळच्या बसनं तुमची मुलगी घरी येत आहे. सोमवारपर्यंत राहील. अरिसी-परुप्पु भात करून ठेवा, वर तूप जास्त घाला. आणि..." त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "आणि मनात येईल तेव्हा फोन करा. दिवसातून तीसदा केलात तरी चालेल."

तेन्मोळी ऐकत राहिली. खाली दुकानात कुणीतरी ग्राइंडर चालू करून गिऱ्हाइकाला दाखवत होतं.

"पोचलं," अप्पा म्हणाले. आणि जरा वेळानं, "परत एकदा वाचू का?"

"वाचा, अप्पा," ती म्हणाली.